संकलन टेबल: प्लॅनर, फुगलेले इंडेक्स आणि दिवाळीचा दरफरक

पार्श्वभूमी, नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

ही दूध संघाच्या संकलन प्रणालीची नोंदवही. सुमारे ४०० गावसंस्था, ६० हजार उत्पादक, दिवसाला दोन पाळ्या. दर पाळीला दर उत्पादकाची एक ओळ: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), दर, रक्कम, स्थिती. वर्षाला साधारण ४ कोटी ४० लाख ओळी होतात आणि सध्या टेबलात १२ कोटींच्या आसपास आहेत. डेटाबेस पोस्टग्रेस १५. त्यातला प्लॅनर म्हणजे क्वेरी कुठल्या वाटेने चालवायची हे खर्चाच्या अंदाजावरून ठरवणारा भाग, आणि ती वाट म्हणजे प्लॅन. इंडेक्स म्हणजे ओळी झटकन सापडाव्यात म्हणून वेगळी ठेवलेली क्रमवार यादी. बिलं दर दहा दिवसांनी, म्हणजे १, ११ आणि २१ तारखेला निघतात. त्या दिवशी आणि पाळीच्या वेळात डेटाबेसला हात लावायचा नाही. कामाची वेळ दुपार, नाहीतर रात्री दहानंतर.

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

सकाळी शीतकरण केंद्रावरून फोन. "साहेब, मार्गाची बेरीज उघडंना झालीया. स्क्रीन नुसती फिरत बसलीया आणि हितं टँकर उभा हाय." एका टँकरच्या मार्गावरच्या ४० संस्थांचं मागच्या दहा दिवसांचं दूध आणि रक्कम, एवढंच ही स्क्रीन दाखवते. दिवाळीआधी ती लगेच उघडायची.

एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ बफर्ससह चालवलं, म्हणजे क्वेरी चालवून तिचा प्लॅन, अंदाज, प्रत्यक्ष आकडे आणि वाचलेली पानं पाहिली. अपेक्षा अशी की प्रत्येक संस्थेसाठी 'संस्था, वेळ' या इंडेक्सात शिरायचं आणि लिटर व रक्कम तिथेच मिळत असल्यामुळे मुख्य टेबलाकडे जायचंच नाही. त्या इंडेक्सात हे दोन्ही रकाने इन्क्लूड करून ठेवले आहेत ते याचसाठी. आज मात्र प्लॅनरने नुसत्या 'वेळ' इंडेक्सची वाट धरली आहे. सगळ्या संघाच्या दहा दिवसांच्या १२ लाख ओळी टेबलातून वाचायच्या, त्यातल्या मार्गावरच्या १ लाख २० हजार ठेवायच्या आणि बाकीच्या फेकून द्यायच्या.

सवयीने पहिला संशय शिळ्या सांख्यिकीवर (प्लॅनर ज्यावरून ओळींचा अंदाज काढतो ती मोजदाद) जातो. पण ओळींचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा इथे जवळपास जुळतात, त्यामुळे पुन्हा अ‍ॅनलाइझ चालवून, म्हणजे ती पुन्हा गोळा करून, काही हाती लागणार नाही. किती ओळी मिळतील हे प्लॅनरला बरोबर कळलं आहे. त्या मिळवायला किती खर्च येईल याचं त्याचं गणित बदललं आहे.

जुनी वाट आता त्याला केवढ्याला पडते ते पाहिलं. फक्त माझ्या सेशनमध्ये त्याला नवी वाट घेऊ दिली नाही. मग तो इंडेक्स ओन्ली स्कॅनवर (टेबलाकडे न जाता इंडेक्सातूनच उत्तर) आला, पण त्याचा अंदाजित खर्च ३ लाखांच्या घरात. त्याने आपणहून निवडलेल्या वाटेचा ५० हजारांच्या आसपास. सक्तीने चालवलेल्या प्लॅनमध्ये हीप फेचेसचा, म्हणजे टेबलात जाऊन ओळ पाहण्याचा, आकडा जवळजवळ ओळींएवढाच आला, म्हणजे नाव 'इंडेक्स ओन्ली' असलं तरी प्रत्येक ओळीसाठी टेबलाची वारी होतेच आहे.

प्लॅनरची चूक दिसत नाही. त्याला काहीतरी दिसतंय जे आम्हाला अजून दिसलेलं नाही.

२८ ऑक्टोबर

चाचणीच्या सर्व्हरवर तीच क्वेरी, तोच डेटा, त्याच सेटिंग्ज. प्लॅन मात्र जुना, चांगला. सहकाऱ्याचा सूर होता की मग मुख्य सर्व्हरच्या यंत्रातच दोष असणार. तसं नाही. चाचणीचा सर्व्हर आपण पीजी-डम्पमधून, म्हणजे डेटाच्या मजकूर-निर्यातीतून, उभा करतो. त्यात ओळी नव्याने भरल्या जातात आणि इंडेक्स नव्याने बांधले जातात. वर व्हॅक्यूमही (मृत ओळींची झाडलोट) होऊन जातो. टेबलाची तब्येत कशी होती ते डम्पमधून येत नाही, मजकूर तेवढा येतो. म्हणून दुपारी पीजी-बेसबॅकअपने फाइलींची जशीच्या तशी प्रत घेतली. तिथे तोच वाईट प्लॅन हुबेहूब निघाला.

पुढे कोणीही प्लॅनची तक्रार तपासताना हे आधी बघावं: तुमची प्रत डम्पमधून आली आहे की फाइलींमधून. फुगवट्याशी (मृत ओळींनी अडवलेली किंवा रिकामी पडलेली जागा) संबंधित कुठलाही दोष डम्पच्या प्रतीत सापडणार नाही, कारण डम्प तो वाटेतच बरा करून टाकतो.

दोन्ही प्रतींच्या पीजी-क्लासमधल्या (टेबलांची माहिती ठेवणारं अंतर्गत टेबल) ओळी शेजारी ठेवल्यावर फरक उघडा पडला. डम्पच्या प्रतीत टेबलाची २० लाख पानं (पान म्हणजे फाइलीचा ठरावीक आकाराचा तुकडा) आणि जवळजवळ सगळी 'सर्वांना दृश्य' म्हणून नोंदलेली. फाइलींच्या प्रतीत ३५ लाख पानं आणि त्यातली जेमतेम साडेतेरा लाख दृश्य, म्हणजे शंभरातली ३८.

इथून प्लॅनरचं गणित कागदावर मांडता येतं. इंडेक्स ओन्ली स्कॅन करताना ज्या ओळीचं पान व्हिजिबिलिटी मॅपमध्ये (कुठल्या पानांवरच्या सगळ्या ओळी सर्वांना दिसतात याची नोंद) 'दृश्य' नसेल तिच्यासाठी टेबलात जावंच लागतं, कारण ओळ कोणाला दिसावी ही माहिती इंडेक्सात नसते. प्लॅनर दृश्य पानांचं प्रमाण घेतो आणि उरलेल्या हिश्शाएवढ्या टेबलफेऱ्या खर्चात धरतो. १ लाख २० हजारांतल्या ६२ टक्के म्हणजे ७४ हजारांवर फेऱ्या. प्रत्येकीला रँडम पेज कॉस्ट (विखुरलेलं एक पान वाचायचा गृहीत खर्च), जी आपल्याकडे मूळचीच म्हणजे ४ आहे. झाले ३ लाख. उलट 'वेळ' इंडेक्सवरून गेलं तर ओळी टेबलात ओळीने पडलेल्या आहेत, पानं सलग वाचली जातात आणि सलग पानाला १ एवढाच खर्च. जे दिसतंय त्यावरून त्याने स्वस्त वाट निवडली.

रँडम पेज कॉस्ट १.१ करून टाकू, डिस्क एसएसडी आहे, अशी सूचना आली. हिशेब केला: ७४ हजार गुणिले १.१ म्हणजे ८१ हजारांवर, तरीही ५० हजारांपेक्षा जास्तच. निवड बदलत नाही, आणि सगळ्या डेटाबेसचे प्लॅन मात्र बिलाच्या तोंडावर हलतील. ते सेटिंग बदलायला हवं हे मला मान्य आहे, पण स्वतंत्रपणे, मोजून, या तक्रारीच्या पाठीवर बसवून नाही.

दृश्य पानं इतकी का घटली? दिवाळीआधीचा दरफरक. वर्षभराच्या दुधावर लिटरमागे फरकाची रक्कम ठरली की आपलं काम वर्षाच्या प्रत्येक ओळीवर 'फरक रक्कम' लिहितं आणि बँकेचा निरोप आला की 'स्थिती' बदलतं. दोन वेळा ४ कोटी ४० लाख. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी ओळ तिथेच मृत ठेवून नवी ओळ लिहिणं, म्हणून ८ कोटी ८० लाख मृत ओळी तयार झाल्या.

हे दरवर्षीच होतं, आणि नंतर ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूम, झाडलोट करतो. यंदा तो का थांबला, हा उद्याचा प्रश्न.

२९ ऑक्टोबर

तो थांबलेला नाही. सतत धावतोय, आणि प्रत्येक फेरी वाया जातेय. लॉगमध्ये दर फेरीच्या शेवटी तेच वाक्य: मृत आहेत, पण अजून काढता येत नाहीत. शेजारी 'रिमूव्हेबल कटऑफ' (त्याआधी मेलेल्या ओळीच काढता येतात) किती ट्रॅन्झॅक्शन मागे आहे तेही छापलेलं असतं. तो आकडा रोज वाढत होता. म्हणजे कोणीतरी एक जुना स्नॅपशॉट (डेटाचं एका क्षणीचं चित्र) धरून बसलंय आणि त्याच्यानंतर मेलेली एकही ओळ व्हॅक्यूम काढू शकत नाही.

मुख्य सर्व्हरच्या पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीत (चालू सेशनांची यादी) जुनं काहीच नाही. तयार करून अर्धवट सोडलेली, प्रिपेअर्ड ट्रॅन्झॅक्शन्सही नाहीत. मग पीजी-रेप्लिकेशन-स्लॉट्स पाहिलं: रेप्लिकाच्या (मुख्य सर्व्हरची सतत ताजी होणारी, फक्त वाचायची प्रत) स्लॉटचा एक्समिन, म्हणजे जिथपासूनच्या ओळी राखून ठेवायच्या तो ट्रॅन्झॅक्शन क्रमांक, दिवाळीच्या आधीचा. रेप्लिकावर हॉट स्टँडबाय फीडबॅक चालू आहे, म्हणजे तिथल्या वाचकांना लागणाऱ्या जुन्या ओळी राखून ठेवायला मुख्य सर्व्हरला कळवलं जातं. तिथले लांबलचक रिपोर्ट 'रिकव्हरीशी संघर्ष' म्हणून मध्येच तुटायचे, म्हणून तो चालू केला होता, आणि त्याची किंमत हीच: रेप्लिकावरचा वाचक मुख्य सर्व्हरची झाडलोट रोखू शकतो.

रेप्लिकावर वार्षिक ताळेबंदाचं एक सेशन रिपीटेबल रीड ट्रॅन्झॅक्शन (शेवटपर्यंत एकच स्नॅपशॉट धरणारं) उघडून निवांत पडलेलं. हिशेब विभागात विचारलं.

"मॅडम, ताळेबंदाची ती खिडकी अजून लागते का? बंद केली तर चालेल?"

"चालेल की. त्याचं काम दिवाळीआधीच झालं, पीसी चालू राहिला असेल. काही बिघडलं का?"

"तुमच्याकडून काही नाही. आमच्या बाजूला मर्यादा घालायला हवी होती, ती आता घालतो."

सेशन बंद केलं. स्लॉटचा एक्समिन लगेच पुढे सरकला. रेप्लिकावर निष्क्रिय ट्रॅन्झॅक्शनची वेळमर्यादा एक तास केली. रिपोर्ट चालू असताना तो तुटत नाही. ट्रॅन्झॅक्शन उघडं टाकून काहीच करत नसलेलं सेशन तेवढं कापलं जातं.

आता व्हॅक्यूम. ऑटोव्हॅक्यूमवर सोडायचं नव्हतं, कारण मेन्टेनन्स वर्क मेम (असल्या देखभालीला दिलेली मेमरी) आपल्याकडे मूळच्या ६४ एमबीवर आहे. आवृत्ती १७ च्या आधी व्हॅक्यूम मृत ओळींचे पत्ते एका सपाट यादीत ठेवतो, एका पत्त्याला ६ बाइट. ६४ एमबीत १ कोटी ११ लाखांच्या आसपास पत्ते मावतात. यादी भरली की सगळे इंडेक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत झाडायचे, यादी रिकामी करायची आणि पुन्हा सुरुवात. ८ कोटी ८० लाखांसाठी प्रत्येक इंडेक्सच्या आठ पूर्ण फेऱ्या. सेशनमध्ये ही मर्यादा १ जीबी केली, यादीला ५३० एमबीच्या आसपास लागतात, म्हणजे एका फेरीत काम होतं. हाताने चालवलेला व्हॅक्यूम इंडेक्स समांतर झाडतो, ऑटोव्हॅक्यूम तसं करत नाही, तोही फायदा. रात्री दहानंतर सुरू केला.

३० ऑक्टोबर

पहाटेच्या पाळीआधी व्हॅक्यूम संपला. दृश्य पानं पुन्हा जवळजवळ पूर्ण. मार्गाची बेरीज आपोआप जुन्या प्लॅनवर आली, एकही सेटिंग न बदलता, एकही क्वेरी न बदलता. शीतकरण केंद्राला फोन करून सांगितलं. तिकडे स्क्रीन उघडल्याची खात्री करून घेतली.

टेबलाची फाइल ३५ लाख पानांचीच राहिली. रिकामी जागा फाइलीच्या मधे असेल तर व्हॅक्यूम ती ऑपरेटिंग सिस्टिमला परत देत नाही, नव्या ओळींसाठी ठेवतो. वर्षाला ४ कोटी ४० लाख नव्या ओळी येतात, त्यामुळे ती भरेल. भरताना नव्या ओळी जुन्या भोकांत जातील आणि वेळेचा क्रम व टेबलातला क्रम यांचा मेळ थोडा बिघडेल. पीजी-स्टॅट्समधला कोरिलेशनचा आकडा दर महिन्याला टिपून ठेवायचा.

१ नोव्हेंबर

बिलाचा दिवस. डेटाबेसला हात लावला नाही.

३ नोव्हेंबर

आता इंडेक्सांचा फुगवटा. पीजी-स्टॅट-टपल एक्स्टेन्शनमधल्या पीजी-स्टॅट-इंडेक्सने प्रत्येक इंडेक्सच्या लीफ पानांची (जिथे प्रत्यक्ष नोंदी असतात) सरासरी घनता, म्हणजे ती किती टक्के भरलेली आहेत ते, मोजली. हे मोजमाप व्हॅक्यूमनंतरच करायचं. त्याआधी मृत नोंदीही जागा धरून असतात आणि फुगलेला इंडेक्स भरलेला, निरोगी दिसतो.

'संस्था, वेळ' इंडेक्स ६ जीबीचा असायला हवा, तो १० जीबीवर आहे आणि घनता ५२. नवा बांधला की ९० असते, कारण बी-ट्री या इंडेक्सप्रकाराचा मूळ फिलफॅक्टर (पान सुरुवातीला किती टक्के भरायचं) तोच. यंदाच्या कीज (ज्यांवरून क्रम लागतो त्या किमती) असलेला भाग तिप्पट फुगला आहे आणि मागच्या दोन वर्षांचा तसाच घट्ट आहे. ५२ ही दोघांची सरासरी. नेमका जो भाग रोज वाचला जातो तोच सरासरीमागे लपलेला आहे.

हे झालं कसं, ते इथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण 'अपडेटमध्ये तर संस्था बदलत नाही, वेळही बदलत नाही, मग त्या इंडेक्सला काय झालं' असा प्रश्न सहकाऱ्याने विचारला आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे.

पोस्टग्रेसमध्ये ८.३ पासून हॉट अपडेटची सोय आहे (हॉट स्टँडबायशी याचा संबंध नाही). बदललेला रकाना कुठल्याच इंडेक्सात नसेल आणि त्याच पानावर नव्या ओळीला जागा असेल, तर इंडेक्सात नवी नोंद करावी लागत नाही. दोन्ही अटी लागतात. 'फरक रक्कम' कुठल्याच इंडेक्सात नाही, तेव्हा पहिली अट पुरी झाली. पण टेबलाचा फिलफॅक्टर १०० आहे, पानं काठोकाठ भरलेली, त्यामुळे नवी ओळ दुसऱ्या पानावर गेली आणि झाडून सगळ्या इंडेक्सांत नवी नोंद झाली. दुसऱ्या वेळी 'स्थिती' बदलली, तिच्यावर स्वतंत्र इंडेक्स आहे, म्हणून पहिलीच अट मोडली. एका इंडेक्समुळे बाकी सगळ्या इंडेक्सांना नोंद घ्यावी लागली.

आवृत्ती १४ पासून बी-ट्री असल्या निरर्थक नोंदी पान फुटायच्या आधी स्वतःच काढून टाकायचा प्रयत्न करते. पण काढता येण्यासाठी जुनी ओळ सर्वांसाठी मृत असावी लागते, आणि रेप्लिकावरच्या त्या स्नॅपशॉटसाठी ती जिवंत होती. आवृत्ती १३ मधलं डुप्लिकेट नोंदी एकत्र बांधणंही इथे लागू नाही. इन्क्लूड रकाने असलेल्या इंडेक्सात ते चालतच नाही.

आणि व्हॅक्यूम पूर्ण रिकामं झालेलं लीफ पानच मोकळं करतो. एक तृतीयांश भरलेली तीन पानं एकत्र करून एक पान करणं त्याच्या कामात बसत नाही. वेळ पुढेच सरकते, मागच्या जुलैच्या पाळीची नवी नोंद आता येणार नाही, म्हणून ती पानं कायम तशीच राहतील. हा फुगवटा आपणहून भरून निघणारा नाही. त्याला रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं, हवाच.

प्लॅनरच्या निवडीवर याचा परिणाम किती? इंडेक्सची किती पानं वाचावी लागतील हे तो इंडेक्सच्या सध्याच्या फाइलीची पानं भागिले टेबलातल्या ओळी या प्रमाणावरून काढतो. १० जीबीचा इंडेक्स त्याला सर्वत्र पावणेदोनपट महाग दिसतो. मार्गाच्या बेरजेत हा वाटा छोटा होता, तिथला मुख्य वाटा व्हिजिबिलिटी मॅपचा. पण उत्पादकाला द्यायच्या वार्षिक उताऱ्यात वर्षभराची पानं वाचायची असतात, आणि तिथे डिसेंबरमध्ये उताऱ्यांच्या गर्दीत हा फरक जाणवेल. मेमरीत ठेवायची पानंही तिप्पट.

४ नोव्हेंबर

गुण-नियंत्रण विभागाची जुनी तक्रार: 'रोखलेल्या नोंदी' यादी कधी लगेच येते, कधी येतच नाही. स्थिती रोखलेली, नव्या आधी, पहिल्या ५०.

इथे मात्र प्लॅनरचं गृहीतकच फसतंय. रोखलेल्या नोंदी २४ हजार आहेत. त्या १२ कोटींत सारख्या पसरल्या आहेत असं तो धरतो. म्हणजे 'वेळ' इंडेक्सवर शेवटाकडून मागे चालत गेलं तर अडीच लाख ओळींत ५० सापडतील. हे २४ हजार ओळी गोळा करून क्रम लावण्यापेक्षा स्वस्त. वास्तवात दरफरकाआधी विभागाने नव्या सगळ्या नोंदी निकाली काढल्या. उरलेल्या जूनच्या आधीच्या आहेत, वादातल्या. तिथपर्यंत पोचायला पावणेदोन कोटींहून जास्त ओळी ओलांडाव्या लागतात. स्थिती आणि वेळ यांचं नातं त्याला ठाऊक नाही, आणि विस्तारित सांख्यिकी (रकान्यांमधलं नातं नोंदवणारी) लिमिटच्या, म्हणजे 'पहिल्या ५०'च्या, या अडचणीत उपयोगी पडत नाही.

क्रमाच्या रकान्यात शून्य कालावधी मिळवून इंडेक्स निकामी करायची युक्ती मला माहीत आहे. ती मी नाकारली. वर्षभराने ती ओळ वाचणाऱ्याला तिचं कारण कळत नाही आणि कोणीतरी ती 'साफ' करून टाकतो.

त्याऐवजी आंशिक इंडेक्स: वेळेवर, पण स्थिती रोखलेली असलेल्या ओळींपुरताच. २४ हजार नोंदी, १ एमबीच्याही आत. क्वेरीत 'रोखलेली' हा शब्द थेट लिहिला आहे, पॅरामीटर म्हणून पाठवलेला नाही. जेनेरिक (सगळ्या किमतींसाठी एकच) प्लॅन बनवताना पॅरामीटरची किंमत माहीत नसते आणि मग इंडेक्सची अट जुळते हे प्लॅनरला सिद्ध करता येत नाही. कॉन्करंटली, म्हणजे टेबलावरचं लिखाण न अडवता, बांधला. यादी लगेच येते.

५ नोव्हेंबर

'स्थिती'वरचा जुना पूर्ण इंडेक्स आता काढता येईल का? मुख्य सर्व्हरवर पीजी-स्टॅट-यूजर-इंडेक्सेसमध्ये त्याचा वापर शून्याच्या जवळ. पण हे आकडे प्रत्येक सर्व्हर आपापले ठेवतो. रेप्लिकावर पाहिलं तर हिशेब विभागाचा एक रिपोर्ट तो रोज वापरत होता. त्या रिपोर्टलाही रोखलेल्याच नोंदी लागतात, आंशिक इंडेक्स त्याला पुरतो. तसं बदलून घेतलं आणि मगच जुना काढला. निव्वळ मुख्य सर्व्हरच्या आकड्यावर विसंबून इंडेक्स कधीही काढू नये.

६ नोव्हेंबर

दुपारी रीइंडेक्स कॉन्करंटली. आधी तपासलेल्या गोष्टी: डिस्कवर नव्या प्रतीएवढी जागा, जुनं एकही ट्रॅन्झॅक्शन उघडं नाही, या सेशनला स्टेटमेंटची वेळमर्यादा नाही.

तपासताना एक अवैध इंडेक्स सापडला, नावाच्या शेवटी 'सीसीन्यू'. पूर्वी कधीतरी अर्धवट तुटलेल्या रीइंडेक्सचा अवशेष. प्लॅनर तो वापरत नाही, पण दर पाळीला प्रत्येक ओळ त्यातही लिहिली जात होती, आणि हॉट अपडेटच्या पहिल्या अटीत तोही मोजला जातो. काढून टाकला.

रीइंडेक्स पाळीआधी पूर्ण झाला. प्रगती पीजी-स्टॅट-प्रोग्रेस-क्रिएट-इंडेक्समध्ये दिसते. 'जुन्या स्नॅपशॉटची वाट' या टप्प्यावर अडकला की समजावं कोणीतरी ट्रॅन्झॅक्शन धरून बसलंय. तो चालू असताना त्या टेबलावर ऑटोव्हॅक्यूम शिरू शकत नाही, म्हणून मोठे इंडेक्स एकामागून एक न घेता मधे श्वास घ्यायला वेळ द्यायचा. नंतर एएमचेकने (इंडेक्स तपासणारं एक्स्टेन्शन) टेबलातल्या प्रत्येक ओळीची नोंद इंडेक्सात आहे याची पडताळणी केली. १४.४ च्या आधीच्या १४ मालिकेत कॉन्करंटली बांधलेल्या इंडेक्सातून नोंदी गहाळ होण्याचा दोष होता. आपण १५ वर आहोत, तरी पैशाच्या टेबलावर ही पडताळणी मी सोडणार नाही.

इंडेक्स ६ जीबी, घनता ९०.

७ नोव्हेंबर

सहकाऱ्याची यादी: यूयूआयडी (नोंदीचा एकमेव ओळखक्रमांक) इंडेक्सची घनता ६९, त्यालाही रीइंडेक्स करू. मी नाही म्हटलं.

मोबाइलवर नेटवर्क नसताना केलेल्या नोंदींना ॲप यादृच्छिक यूयूआयडी देतं. अशा कीज इंडेक्सात कुठेही येऊन पडतात, पान भरलं की मधोमध फुटतं, आणि सरासरी घनता ६९-७० च्या आसपास स्थिरावते. त्या इंडेक्सची ती नैसर्गिक स्थिती आहे. ९० वर घट्ट केला तर जवळजवळ एकाच वेळी सगळी पानं भरत येतील, पाळीच्या ऐन गर्दीत पानफुटीची लाट येईल आणि काही महिन्यांनी घनता पुन्हा ६९. दोन्ही इंडेक्स टक्क्यांत सारखेच वाईट दिसतात, पण 'संस्था, वेळ'मधली रिकामी जागा पुन्हा कधी भरणार नव्हती आणि इथली रोज भरते. रीइंडेक्सचा निर्णय या प्रश्नावर घ्यायचा: नव्या कीज त्या जागेत येणार आहेत का?

खरा उपाय ॲपमध्ये वेळेनुसार चढत जाणारी आवृत्ती ७ ची यूयूआयडी वापरणं. सप्टेंबरमध्ये आलेल्या पोस्टग्रेस १८ मध्ये ती बनवायचं फंक्शन आहेच, पण आपल्याकडे आयडी फोनवर बनतो, त्यामुळे त्यासाठी डेटाबेसच्या आवृत्तीची वाट बघायची गरज नाही. ॲपच्या चमूला लिहिलं.

११ नोव्हेंबर

बिलाचा दिवस. सुरळीत.

१३ नोव्हेंबर

उत्पादकाच्या उताऱ्यात कपातीच्या टेबलाशी जोडणी चुकीच्या पद्धतीने होते: दोन हजार ओळी येणार तिथे प्लॅनर पाच धरतो. क्वेरीत संस्था आणि उत्पादक दोन्ही अटी आहेत. उत्पादक ६० हजारांतला एक, संस्था ४०० तली एक, आणि दोन्ही स्वतंत्र समजून प्लॅनर गुणाकार करतो. पण उत्पादक ठरला की संस्था ठरलेलीच असते. क्रिएट स्टॅटिस्टिक्सने या दोन रकान्यांचं अवलंबन नोंदवलं, नंतर अ‍ॅनलाइझ; ते केल्याशिवाय नवी सांख्यिकी भरली जात नाही. अंदाज दोन हजारांवर आला.

१९ नोव्हेंबर

दरफरकाच्या कामाबद्दल हिशेब विभागासोबत बैठक. माझा आग्रह एकच होता: मागच्या वर्षाच्या ओळींना पुन्हा हात लावायचा नाही. फरक उत्पादकामागे एक रक्कम आहे. तो वेगळ्या टेबलात ६० हजार ओळींत लिहिता येतो, आणि 'दिला' ही स्थितीही तिथेच. लेखापरीक्षकांना पाळीवार तपशील लागतो. तो दराच्या टेबलावरून व्ह्यूमध्ये काढून दाखवला, रकमा पैशापर्यंत जुळल्या. मॅडमनी जुन्या दोन वर्षांच्या फरकपत्रकांशीही पडताळून पाहायला सांगितलं. ते काम त्या आणि मी मिळून करतोय.

संकलन टेबलाचा फिलफॅक्टर ९० केला. आधीच भरलेल्या पानांना तो लागू होत नाही, पण यापुढच्या पानांवर दहा दिवसांनी होणाऱ्या बिलाच्या स्थितीबदलाला जागा राहील. 'स्थिती' आता आंशिक इंडेक्सच्या अटीत आहे, आणि अटीतला रकानाही हॉटच्या आड येतो. म्हणून बिलाची स्थिती आणि तपासणीची स्थिती असे दोन रकाने वेगळे करायचे ठरले. आंशिक इंडेक्स तपासणीच्या रकान्यावर जाईल आणि बिलाचा रकाना कुठल्याच इंडेक्सात नसेल.

२४ नोव्हेंबर

ऑटोव्हॅक्यूमचा स्केल फॅक्टर मूळ ०.२ होता. १२ कोटींच्या टेबलात त्याचा अर्थ २ कोटी ४० लाख ओळी मरेपर्यंत वाट पाहायची. या टेबलापुरता ०.०१ केला, इन्सर्टसाठीचाही तेवढाच, म्हणजे ताज्या पाळ्यांची पानं लवकर दृश्य होतील. ऑटोव्हॅक्यूम वर्क मेम वेगळं ५१२ एमबी.

देखरेखीत दोन नवे इशारे: कुठल्याही स्लॉटचा किंवा सेशनचा एक्समिन ठरावीक वयापुढे गेला तर, आणि संकलन टेबलातली दृश्य पानं ९० टक्क्यांखाली आली तर. दुसरा इशारा असता तर हा सगळा प्रकार शीतकरण केंद्राच्या फोनआधी कळला असता.

शिल्लक कामं: दोन स्थिती-रकान्यांचं स्थलांतर २ ते ९ डिसेंबरच्या दरम्यान, बिलाच्या तारखा सोडून. रँडम पेज कॉस्टची मोजणी फाइलींच्या प्रतीवर. उत्पादक उताऱ्याचं मोजमाप डिसेंबरच्या गर्दीत पुन्हा.